क्रेन घेताना टनेज सर्वांत शेवटी विचारावे

कोल्हापुरात नव्या क्रेनची चौकशी बहुतेक वेळा "पाच टनाची केवढ्याला पडेल?" या एकाच प्रश्नाने सुरू होते आणि दोन-तीन पुरवठादारांचे दर समोर आले की तिथेच संपते. कारखान्यांच्या देखभालीच्या कामात असल्याने अशा चर्चांना मला वारंवार बसावे लागते आणि दरवेळी माझे म्हणणे एकच असते. किती वजन उचलायचे हा प्रश्न महत्त्वाचा खरा, पण तो शेवटचा आहे. त्याआधी काय उचलायचे, तासाला कितीदा उचलायचे, कुठून कुठे न्यायचे, हुक किती उंच जायला हवा, शेडचे खांब काय सोसतील आणि उचललेल्या वजनाच्या आसपास कोण उभे असेल, हे विचारायला हवे. या प्रश्नांची उत्तरे मिळाली की क्रेनचा प्रकार जवळजवळ आपोआप ठरतो, आणि त्यानंतर टनेज ही केवळ एक बेरीज उरते.

आपला उद्योग उसाचे चरक आणि ऑइल इंजिने यांच्या दुरुस्तीतून वाढत फौंड्री (धातूची ओतशाळा) आणि मशिन शॉपपर्यंत आला, त्यामुळे इथल्या जागाही टप्प्याटप्प्याने घडल्या. शिवाजी उद्यमनगरातले जुने गाळे अरुंद आणि ठेंगण्या छपरांचे आहेत. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतल्या अनेक जुन्या शेडमध्ये क्रेनचा विचार शेड उभी राहिल्यावर झाला. कागल-हातकणंगलेच्या पंचतारांकित वसाहतीत मात्र नवी शेड बांधतानाच खांबांना ब्रॅकेट, म्हणजे क्रेनचा रूळ पेलणारे आधार, ठेवलेले दिसतात. एकच कास्टिंग (ओतीव भाग) या तिन्ही ठिकाणी उचलायचे झाले तर तीन वेगवेगळ्या प्रकारची साधने लागतील, मग वजन अगदी तेच असले तरी.

सर्वांत साधे साधन म्हणजे चेन पुली ब्लॉक. छताच्या भक्कम आय-बीमला ट्रॉली लावून त्यावर तो अडकवला की गाळ्याच्या लांबीभर वजन सरळ रेषेत नेता येते, आणि त्याच बीमवर विजेचा हॉइस्ट (दोर गुंडाळून वजन उचलणारे यंत्र) बसवला की त्याला आपण मोनोरेल म्हणतो. बीमला वळण देता येते, त्यामुळे शॉट ब्लास्टिंगपासून (छर्ऱ्यांच्या माऱ्याने सफाई) फेटलिंगपर्यंत (जादा धातू काढणे) आणि तिथून पेंटिंगपर्यंत ठरलेल्या वाटेने माल फिरवायचा असेल तर मोनोरेलइतके स्वस्त आणि निमूट काम करणारे दुसरे साधन नाही. बीमच्या रेषेबाहेर दोन फुटांवर पडलेले वजन मात्र सरळ उचलता येत नाही, आणि नेमके तेच तिरके ओढून उचलण्याचा मोह सगळीकडे होतो. तिरक्या ओढीने दोर ड्रमच्या खाचेतून निसटतो, दोराला खाचेत ठेवणारा रोप गाइड तुटतो आणि जमीन सोडताक्षणी वजन झोक्यासारखे पुढे येते. ज्या कारखान्यात रोप गाइड वारंवार बदलावा लागतो, तिथे हॉइस्ट खराब नसून साधनाचा प्रकारच चुकलेला असतो, हे माझे ठाम मत आहे.

जिब क्रेनविषयी मला थोडे विस्ताराने लिहायचे आहे, कारण आपल्या मशिन शॉपना सर्वांत जास्त उपयोग तिचाच आहे आणि तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. जमिनीत रोवलेल्या खांबावर आडवा हात, त्या हातावर छोटा हॉइस्ट, एवढीच तिची रचना असते. स्वतंत्र खांबावरची जिब पूर्ण गोल फिरू शकते, तर भिंतीला किंवा शेडच्या खांबाला बसवलेली साधारण अर्धे वर्तुळ व्यापते. फ्लायव्हील हाउसिंग किंवा सिलिंडर हेड मशिनच्या फिक्श्चरवर (जॉब पकडण्याच्या साच्यावर) चढवायचे आणि काम झाल्यावर उतरवायचे, हे एका पाळीत कितीतरी वेळा करावे लागते. तेवढ्यासाठी संपूर्ण शेडची मोठी क्रेन अडवून ठेवली तर बाकीची मशिने तिची वाट पाहत उभी राहतात. ऑपरेटर कंटाळून तीस-चाळीस किलोचा जॉब हातानेच उचलू लागतो, आणि पाठीचे दुखणे वयाच्या चाळिशीतच त्याच्या मागे लागते. दोन मशिनांमध्ये 250 किलोची एक जिब बसवली तर हा प्रश्न सुटतो.

जिबचा खरा हिशेब जमिनीखाली असतो. 500 किलोचे वजन चार मीटर लांबीच्या हाताच्या टोकाला टांगले तर खांबाच्या बुडाशी दोन टन-मीटरचा मोड, म्हणजे खांब वाकवू पाहणारा जोर, येतो आणि हाताचे स्वतःचे वजन 150 किलो धरले तर त्यात आणखी 0.3 टन-मीटरची भर पडते. ही ओढ पेलायला लोखंडी सळ्यांचा स्वतंत्र काँक्रीटचा पाया लागतो. प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी जुन्या फरशीवर, जिच्याखाली चार-सहा इंचांचे साधे काँक्रीट असते, चार अँकर बोल्ट ठोकून जिब उभी केली जाते. पहिले काही महिने काही होत नाही. मग बेसप्लेटभोवती बारीक भेग दिसते आणि हात आपोआप एका बाजूला सरकू लागतो. असा सरकणारा हात म्हणजे खांब ओळंब्यातून गेल्याची खूण असते. ती दिसताच काम थांबवून पाया पाहावा. हात दोरीने बांधून ठेवणे हा उपाय नव्हे.

आता ज्या क्रेनला आपण नुसते "क्रेन" म्हणतो ती ईओटी, म्हणजे डोक्यावरून चालणारी विजेची क्रेन. तिच्या तीन हालचाली असतात. हॉइस्ट वजन वर-खाली करतो, ट्रॉली गर्डरवरून (आडव्या तुळईवरून) आडवी जाते आणि गर्डरसह संपूर्ण पूल शेडच्या लांबीभर रुळांवरून धावतो. कामगारांच्या बोलीत या शेवटच्या दोन हालचाली सीटी (क्रॉस ट्रॅव्हल) आणि एलटी (लाँग ट्रॅव्हल). तीन हालचाली एकत्र आल्या की शेडमधला जवळजवळ प्रत्येक बिंदू हुकच्या आवाक्यात येतो, आणि जमिनीवरची वाट मोकळी राहते. एक गर्डर असलेली क्रेन हलकी आणि स्वस्त पडते, आणि साधारण दहा टनांपर्यंतच्या बहुतेक कामांना पुरते. दोन गर्डरच्या क्रेनमध्ये हॉइस्टची ट्रॉली गर्डरांच्या वरून धावते, त्यामुळे हुक दोन गर्डरांच्या मधून वर येऊ शकतो आणि त्याच शेडमध्ये बऱ्याचदा अर्ध्या मीटरहून अधिक उंची मिळते. ज्यांची शेड आधीच ठेंगणी आहे त्यांनी वजन कमी असले तरी दोन गर्डरच्या पर्यायाचा दर मागवून पाहावा, कारण छप्पर उंच करण्यापेक्षा तो खर्च बहुधा कमी असतो. तिसरा प्रकार अंडरस्लंगचा, ज्यात क्रेन छताला टांगलेल्या बीमच्या खालच्या पट्टीवरून धावते आणि खांबांना ब्रॅकेट लागत नाहीत. मात्र सगळा भार छताच्या कैच्यांवर येतो, म्हणून पत्र्याच्या वजनापुरत्या बांधलेल्या जुन्या शेडमध्ये तिचा विचार संरचना अभियंत्याला दाखवल्याशिवाय करू नये.

शेडवर येणारा भार किती, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. पाच टनांची एक-गर्डर क्रेन, रुळांमधले अंतर बारा मीटर, पुलाचे वजन तीन टन आणि हॉइस्टचे अर्धा टन धरू. हॉइस्ट एका टोकापासून एक मीटरवर आला की त्या बाजूला पुलाचा दीड टन आणि हॉइस्टसह वजनाचे सुमारे पाच टन, असे साडेसहा टन फक्त दोन चाकांवर येतात. म्हणजे एका चाकावर सव्वातीन टन. विजेच्या क्रेनसाठी भारतीय मानकांनी यावर 25 टक्के धक्क्याचा भार धरायला सांगितले आहे, तो मिळवला की हा आकडा चार टनांच्या पुढे जातो. ट्रॉली थांबताना-सुटताना रुळाला जो आडवा झटका बसतो त्यासाठी ट्रॉली आणि वजन यांच्या 10 टक्के भार वेगळा धरावा लागतो. रूळ ज्या गर्डरवर बसतो त्याने किती वाकावे याचीही मर्यादा आयएस 800 या पोलादी बांधकामाच्या भारतीय मानकात आहे: 50 टनांपर्यंतच्या विजेच्या क्रेनसाठी लांबीचा 750 वा भाग, म्हणजे खांबांमधले अंतर सहा मीटर असेल तर केवळ आठ मिलिमीटर. "पाच टनाचीच तर आहे" असे म्हणून जुन्या खांबांना ब्रॅकेट वेल्ड करणाऱ्यांनी हे आकडे एकदा कागदावर मांडून पाहावेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

रूळ समांतर आणि एका पातळीत नसतील तर क्रेन तिरकी चालते, चाकांच्या कडा रुळाला घासतात आणि शेडमध्ये एक कर्कश आवाज कायमचा वस्तीला येतो. अशा वेळी चाके बदलली जातात, वर्ष-दीड वर्षात तीही झिजतात, आणि दोष पुरवठादाराच्या माथी मारला जातो. रुळांचे सर्वेक्षण करून घेणे हे चाकांच्या एका जोडीपेक्षा स्वस्त पडते.

ईओटी घेताना ज्या गोष्टीकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ती म्हणजे कामाची श्रेणी. दोन क्रेन पाच टनांच्याच असतात, पण एक देखभालीच्या विभागात आठवड्यातून चार वेळा चालते आणि दुसरी मोल्डिंग लाइनवर, जिथे साचे बनतात, तिन्ही पाळ्या. भारतीय मानकांत हॉइस्ट आणि इतर यंत्रणांच्या एम 1 ते एम 8 अशा श्रेणी याच फरकासाठी आहेत. अधूनमधून चालणाऱ्या क्रेनला एम 3 पुरते, सर्वसाधारण मशिन शॉपसाठी एम 5 मागतात, आणि वितळलेला धातू उचलणाऱ्या क्रेनसाठी एम 7 किंवा एम 8 च्या खाली येऊ नये. दरपत्रकातला सर्वांत स्वस्त आकडा बहुधा खालच्या श्रेणीचा असतो, आणि चौकशीत श्रेणी लिहिलेलीच नसेल तर पुरवठादारालाही दोष देता येत नाही. मोटारच्या बाबतीत हे आणखी स्पष्ट होते. तासाला 150 स्टार्टसाठी बनवलेली मोटार तासाला बारा लेडल (वितळलेल्या धातूची भांडी) ओतणाऱ्या लाइनवर बसवली आणि प्रत्येक लेडल जागेवर आणताना पंधरा वेळा बटण दाबले गेले, तर ती संख्या 180 होते. मोटार जळते, तारा पुन्हा गुंडाळायला वाइंडरकडे जाते, परत येते आणि पुन्हा जळते. आजकाल व्हीएफडी, म्हणजे मोटारचा वेग बदलणारे इलेक्ट्रॉनिक उपकरण, बसवून वेग हळूहळू वाढवता-कमी करता येतो, त्यामुळे वजन झोके घेत नाही आणि बटणाशी खेळ करावा लागत नाही. साच्याचा वरचा भाग खालच्या भागावर बसवताना किंवा कोअर (कास्टिंगमधली पोकळी राखणारा वाळूचा गाभा) ठेवताना हॉइस्टला अतिशय मंद वेग लागतो. तो नसेल तर वाळूची कड तुटते आणि तो तुकडा पुढे कास्टिंगमधला दोष होऊन बाहेर येतो. क्रेनचा वेग आणि रिजेक्शनचे प्रमाण यांचा संबंध इतका थेट असूनही दोन्हींची चर्चा वेगवेगळ्या टेबलांवर होते.

फौंड्रीतली लेडल क्रेन हा मात्र सर्वस्वी वेगळा विषय आहे, आणि तिथे मी काटकसरीच्या एकाही युक्तिवादाला मान देत नाही. वितळलेले बीड (ओतीव लोखंड) ओततानाही 1,350 ते 1,400 अंश सेल्सियसच्या आसपास असते. 500 किलो बीड म्हणजे आकाराने जेमतेम सत्तर लिटर, दोन मोठ्या घागरींइतके वाटते, पण त्यात लेडलचे पत्रे, आतले अस्तर, वरचा बेल (लेडल टांगण्याची कमान) आणि तिरके करण्याचा गिअरबॉक्स यांचे वजन मिळवले की एकूण आकडा बराच वाढतो. म्हणून एक टन धातूसाठी एक टनाचा हॉइस्ट हे गणितच चुकीचे आहे, तिथे साधारणपणे दोन टनांचा लागतो. शिवाय अस्तर दर दुरुस्तीगणिक जाड होत जाते आणि लेडलच्या काठावर स्लॅग (धातूवरची मळी) साचते, हे वजन कोणी मोजत नाही.

या क्रेनच्या हॉइस्टला एक नव्हे, दोन स्वतंत्र ब्रेक हवेत, कारण एक घसरला तर दुसऱ्याने धरून ठेवले पाहिजे. वरच्या मर्यादेचे स्विचही दोन हवेत, एक ड्रमच्या फेऱ्या मोजणारा आणि दुसरा हुक प्रत्यक्ष वर टेकल्यावर चालणारा. दोराच्या पोटात तागाचा गाभा नसून पोलादाचा असावा, कारण उष्णतेने तागाचा गाभा वाळतो, दोर आतून पोकळ होतो आणि बाहेरून मात्र ठीक दिसतो. हुक ब्लॉकखाली उष्णतारोधक पत्रा हवा आणि पेंडंटची (क्रेनला टांगलेल्या बटणांच्या पेटीची) केबल लेडलच्या मार्गापासून दूर हवी. शक्य तिथे रेडिओ रिमोट द्यावा, म्हणजे चालवणारा माणूस केबलच्या लांबीने बांधला न जाता सुरक्षित अंतरावर उभा राहू शकतो. लेडलचा मार्ग जिथून जातो ती जमीन कोरडी असली पाहिजे, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात ही साधी अट पाळणे सर्वांत कठीण जाते. पत्र्यातून गळणारे पाणी खाली साचलेले असेल आणि त्यावर धातू सांडला, तर पाण्याची क्षणात वाफ होते आणि धातू चहूकडे उडतो. मे महिन्यात छपराची गळती काढणे हा म्हणूनच क्रेनच्या सुरक्षिततेचा भाग आहे, स्थापत्य विभागाचा किरकोळ खर्च नव्हे.

भट्टीच्या दुसऱ्या टोकाला, म्हणजे भंगार भरण्याच्या बाजूला, चुंबकाची क्रेन असते. विद्युतचुंबक भंगार उचलतो, चार्जिंग बकेटमध्ये सोडतो आणि माणसाला धारदार तुकड्यांत हात घालावा लागत नाही, हा तिचा फार मोठा गुण आहे. इथे दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. चुंबकाचे स्वतःचे वजन क्रेनच्या क्षमतेतूनच वजा होते, आणि वीज गेली की चुंबकत्व जाते. वीज गेल्यावरही काही मिनिटे पकड राहील असा बॅटरीचा आधार हवाच, आणि चुंबकाच्या फेऱ्याखाली माणसाची पायवाट नसावी. नॉकआउटनंतरची, म्हणजे साचा फोडून नुकतीच काढलेली गरम कास्टिंग चुंबकाने उचलण्याचा प्रयत्नही काही ठिकाणी होतो. लोखंड 770 अंशांच्या वर चुंबकाला दाद देत नाही, आणि त्याखालीही बऱ्याच तापमानापर्यंत पकड कमीच राहते, त्यामुळे तिथे साखळी आणि आकड्यांना पर्याय नाही.

उघड्या आवारात, जिथे शेड नाही आणि खांबही नाहीत, तिथे गँट्री किंवा गोलियाथ क्रेन येते. तिचे पाय जमिनीवरच्या रुळांवर चालतात. एक पाय जमिनीवर आणि दुसरी बाजू शेडच्या खांबांवर असेल तर ती अर्ध-गँट्री, आणि मोठ्या क्रेनच्या खाली एखाद्या विभागासाठी स्वतंत्र छोटी क्रेन हवी असेल तेव्हा ती उत्तम सोय आहे. उघड्यावरच्या क्रेनला वाऱ्याचा विचार लागतो. वळवाच्या पावसाआधीचे सोसाट्याचे वारे आपल्याला नवे नाहीत. ब्रेक सुटलेली किंवा नुसती उभी असलेली गोलियाथ वाऱ्याने रुळावरून सरकत जाऊ शकते, म्हणून पाळी संपताना रेल क्लँप (क्रेनला रुळाशी जखडणारा चिमटा) घट्ट करणे आणि रुळांच्या टोकांना भक्कम अटकाव ठेवणे आवश्यक आहे. हा क्लँप आहे की नाही हे पाहायला आवारातून एक चक्कर पुरते.

जिल्ह्यातल्या सर्वांत कष्टाळू क्रेन मात्र फौंड्रीत नसून साखर कारखान्यांच्या ऊस यार्डात आहेत. मोळी टाकून गळीत हंगाम सुरू झाला की पुढचे काही महिने गव्हाण (ऊस चरकाकडे नेणारा पट्टा) रिकामी राहू द्यायची नसते, त्यामुळे ट्रक आणि ट्रॉल्यांतून ऊस उतरवणारी क्रेन रात्रंदिवस चालते. फडात भरतानाच उसाखाली घातलेल्या साखळ्या किंवा वायररोप यार्डात हुकमध्ये अडकवतात आणि ऊस एका बाजूने उचलून उलटवतात. इथे वजन दरवेळी थोडे वेगळे, ओढ थोडी तिरकी, हवेत पाचटाचा चुरा आणि रसाचा चिकटपणा. म्हणून या क्रेनची श्रेणी नेहमीच्या कारखान्यातल्या क्रेनहून वरची ठेवावी लागते, दोर लवकर बदलावे लागतात आणि चाकांचे बेअरिंग धुळीपासून झाकावे लागतात. साखर कारखान्यांकडून आपल्या लहान उद्योगांनी एक गोष्ट घ्यावी असे मला मनापासून वाटते. हंगाम संपल्यावर तिथे क्रेन अक्षरशः खोलली जाते, गिअरबॉक्सपासून ब्रेकच्या लायनिंगपर्यंत सगळे तपासून पुन्हा जोडले जाते. फौंड्रीला असा बंद हंगाम नसतो, म्हणून तिला तो मुद्दाम काढावा लागतो. खंडेनवमीला यंत्रे थांबतात, हुकला झेंडूचा हार पडतो. त्याच्या आदल्या दिवशी हुक, दोर आणि ब्रेक यांची कसून तपासणी केली तर ती पूजेचाच भाग ठरेल.

हायड्राविषयी, म्हणजे वजन उचलून चालत नेणाऱ्या चाकांच्या फिरत्या क्रेनविषयी, थोडक्यात. मशिन उतरवायला, ट्रान्सफॉर्मर हलवायला, शेडचे साहित्य उभे करायला हायड्रा फोन करताच येते, म्हणून ती सगळ्यांची आवडती. पण तिची क्षमता बूम (पुढचा लांबणारा हात) आखूड आणि वजन जवळ असतानाची असते, आणि बूम लांबवली की झपाट्याने घटते. जुन्या रचनेत वजन चालकाच्या डोळ्यांसमोरच लटकते आणि पुढचा रस्ता दिसत नाही. वळताना गाडी मध्यातून मुडपते, तेव्हा तोलही बदलतो. बाहेरच्या अनेक मोठ्या प्रकल्पांनी जुन्या हायड्रांना आवारात मनाई केली आहे ती याच कारणांनी. शेडच्या आत रोजच्या कामासाठी हायड्रा वापरावी लागत असेल, तर तिथे कायमस्वरूपी क्रेनची गरज आहे हेच त्यातून सिद्ध होते.

गोदामांत क्रेनला जागा कमी असते. सिमेंटच्या 50 किलोच्या गोणी किंवा गुळाच्या ढेपा यांना फोर्कलिफ्ट, स्टॅकर किंवा कन्व्हेयर योग्य. लोखंडी पाइप, पत्र्यांची बंडले आणि कॉइल यांची गोदामे मात्र ईओटीवरच चालतात, आणि कॉइलसाठी सी आकाराचा हुक लागतो. मोठ्या वितरण केंद्रांतून आता स्टॅकर क्रेनही दिसतात. दोन रॅकमधल्या अरुंद बोळात रुळावर उभा खांब धावतो आणि संगणकाच्या आज्ञेने पॅलेट ठेवतो-काढतो. फोर्कलिफ्टला वळायला साडेतीन-चार मीटरची वाट लागते, तिथे हिला दीड मीटरच्या आसपास पुरते. जमीन महाग होत जाईल तसे हे गणित आपल्याकडेही जवळ येईल.

क्रेन कोणतीही असो, हुकच्या खालचा भाग हा तिचा सर्वांत दुर्लक्षित अवयव आहे. दोन टनांचे वजन दोन पायांच्या स्लिंगने (वजनाला हुकशी बांधणारा दोर, साखळी किंवा बेल्ट) उचलताना पाय जमिनीशी 60 अंशांत असतील तर प्रत्येक पायावर 1.15 टन येतो, 45 अंशांत 1.41 टन, आणि 30 अंशांत पूर्ण दोन टन. म्हणजे स्लिंग आखूड पडली म्हणून पाय पसरले की दोनऐवजी एकच दोर वापरल्यासारखे होते. बेल्टला कास्टिंगची धारदार कड लागत असेल तर मध्ये कातडे किंवा जाड रबर घालावे, आणि कापलेला बेल्ट गाठ मारून वापरण्यापेक्षा कापून फेकून द्यावा, म्हणजे रात्रपाळीत कोणी तो उचलून आणणार नाही. प्रत्येक स्लिंगवर क्षमतेचा बिल्ला असावा. बिल्ला नसलेली साखळी कितीही जाड दिसली तरी तिला हुकला जागा नाही.

नोव्हेंबर 2025 पर्यंत लागू असलेल्या कारखाना अधिनियम 1948 च्या कलम 29 ने उचलण्याच्या यंत्रांची, साखळ्यांची आणि दोरांची बारा महिन्यांतून किमान एकदा सक्षम व्यक्तीकडून संपूर्ण तपासणी करण्याची आणि सुरक्षित क्षमता ठळक लिहिण्याची अट घातली. त्याच कलमातली दुसरी तरतूद मला अधिक मोलाची वाटते. क्रेनच्या रुळाजवळ, क्रेनचा धक्का लागू शकेल अशा जागी कोणी काम करत असेल, तर क्रेन त्याच्या सहा मीटरच्या आत येणार नाही याची व्यवस्था करायची होती. वर पत्रा बदलणारा, दिवा लावणारा किंवा रंग देणारा माणूस बहुधा बाहेरच्या ठेकेदाराचा असतो. त्याला क्रेनचे वेळापत्रक माहीत नसते आणि खाली पेंडंट हातात घेतलेल्याला तो वर आहे हे माहीत नसते. मुख्य स्विच बंद करून त्याला कुलूप लावणे आणि किल्ली वर चढणाऱ्याच्या खिशात देणे, याहून खात्रीचा उपाय नाही.

पेंडंट कोणाच्या हातात आहे याचाही विचार व्हावा. आपल्या फौंड्रीतून आज गावातल्या तरुणांबरोबर बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा इथून आलेले कामगार काम करतात, आणि "जरा सोड, घे, घे, बास" हे प्रत्येकाला तितक्याच झटक्यात उमगेल असे नाही. हाताचे इशारे सर्वांना एकसारखे शिकवावेत, आणि इशारा एका वेळी एकाच माणसाने द्यावा. पेंडंटवरचे बाण क्रेनच्या गर्डरखाली मोठ्या अक्षरांत रंगवलेल्या दिशांशी जुळले पाहिजेत. पूर्व, पश्चिम, उत्तर, दक्षिण असे लिहिले असेल तर शेडच्या भिंतींवरही तेच लिहावे, कारण क्रेनखाली तोंड फिरवून उभ्या असलेल्या माणसाचे डावे-उजवे बदलते, भिंतीवरची पूर्व बदलत नाही.